मुळांना वारा हवा

गृहप्रवेश असो, निवृत्तीचा समारंभ असो, हल्ली पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतलं ऑर्किड देण्याची पद्धत पडली आहे. रुंद, जाड पानं आणि वाकलेल्या दांडीवर ओळीने पांढरी किंवा जांभळी फुलं असली, की ते बहुधा फॅलेनॉप्सिस. फुलं दोन-तीन महिने सहज टिकतात. ती गळली की मला फोन येतात, ‘आता याचं काय करू?’ मी विचारते, मुळं कशी दिसतायत? त्यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. इतके दिवस सगळं लक्ष फुलांकडे असतं ना!

घरात आणतो त्यांतली बहुतेक ऑर्किडं मुळात झाडांवर राहणारी. आपल्या सह्याद्रीत मे-जूनमध्ये सीतेची वेणी फुलते, तिचे गुलाबी-पांढरे घोस खोडावरून लोंबताना अनेकांनी पाहिले असतील. काही जण तिला बांडगूळ समजतात. तो तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ही नुसती फांदीवर बसून राहते. चार महिने धो धो पाऊस आणि पुढे आठ महिने दव-धुकं मिळेल तेवढंच, असं तिचं वर्ष असतं. पावसातही मुळं कुजत नाहीत, कारण ती उघडी असतात आणि सर थांबली की वाऱ्याने कोरडी होतात. असं झाड नाजूक कसलं?

या मुळांवर मृत पेशींचं पांढरट, सच्छिद्र वेष्टण असतं. पाणी लागलं की ते टिपकागदासारखं शोषून घेतं, आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागल्याने मूळ हिरवं होतं. सुकलं की पुन्हा चंदेरी. पाणी कधी घालायचं, याचं वेळापत्रक मुळांवरच लिहिलेलं आहे: हिरवी असतील तर थांबा, चंदेरी झाली की सकाळी भरपूर पाणी घाला आणि ते पूर्ण निथळू द्या. कुंडीत बर्फाचे खडे ठेवायचा सल्लाही हिंडत असतो. त्यात सोय आहे ती पाणी मोजून घालण्याची, झाडाला गारव्याची हौस नसते. आपल्याकडे नळाला पाणी आहे, पेला आहे, तेवढं पुरे.

भेट आलेल्या कुंडीत मात्र मुळं बऱ्याचदा शेवाळात गच्च कोंबलेली असतात, आणि ती कुंडी तळाला भोक नसलेल्या चिनीमातीच्या भांड्यात बसवलेली. दुकानात शोभेला ठीक, पण वर्षभर जगायला नाही. फुलं संपली की झाड बाहेर काढा. तपकिरी, लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने कापा, टणक राहिलेली ठेवा. मग बाजूंनीही भोकं असलेल्या कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटेचे खडे घालून बसवा. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यायचं. माती चिमूटभरही नको. दोनेक वर्षांत सोडणाचा भुगा होतो, तेव्हा तो बदलायचा.

फॅलेनॉप्सिसची आणखी एक अडचण. जंगलात ते खोडावर तिरकं, खाली कललेलं वाढतं, त्यामुळे पानांच्या मधल्या कोंबात पाणी साठत नाही. कुंडीत आपण त्याला ताठ बसवतो, वरून पाणी ओततो आणि कोंब कुजतो. शिवाय नवी दांडी यायला काही आठवडे पंचवीस अंशांखालचा गारवा लागतो. पुण्या-नाशिकची थंडी तेवढं सहज देते, मुंबईत ते बेभरवशाचं.

म्हणून मुंबई, कोकण, गोव्यातल्या वाचकांना माझं स्पष्ट मत सांगते: डेंड्रोबियम घ्या. त्याच्या संकरित जाती उकाड्यात आनंदाने फुलतात. पूर्वेच्या गॅलरीत कोवळं ऊन मिळालं की झालं. पानं गर्द हिरवी असतील तर उजेड कमी पडतोय, किंचित पोपटी असतील तर बरोबर. पानं झडलेल्या जुन्या कांड्या वाळल्याशिवाय कापू नका. झाडाचं पाणी आणि अन्न त्यांतच साठलेलं असतं, कधी कधी त्यांनाच पुन्हा तुरा येतो. वाढीच्या दिवसांत १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि मध्ये साधं पाणी. बोअरच्या पाण्याचे क्षार मुळांवर बसतात, पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर उत्तम. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा. मुळांची कोवळी टोकं त्यांना फार आवडतात.

आणि एक विनंती. पावसाळी भटकंतीत झाडावरचं ऑर्किड ओरबाडून आणू नका, घाटात कोणी विकत असेल तर घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं. त्यात अन्नाचा साठा नसल्याने विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं जातात. नर्सरीतली रोपं प्रयोगशाळेत बाटल्यांतून वाढवलेली असतात, ती खुशाल घ्या. वाटेत मोडून पडलेल्या फांदीवर एखादं दिसलं, तर तिथल्याच जवळच्या झाडाला सुतळीने बांधा आणि पुढे चालू लागा.