संसारासाठी परदेश, संसार मात्र इथेच!

गेल्या वर्षभरात आमच्या शाखा कार्यालयात एक नवाच प्रकार सुरू झाला आहे. पूर्वी सभासद येत ते बदली, क्वार्टर, चार्जशीट, नाहीतर अडकलेल्या टी.ए. बिलासाठी. आता येतात ते भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याचा अर्ज भरून घ्यायला आणि पतपेढीच्या कर्जाला जामीन मागायला. अर्जावर कारण लिहिलेले असते घरदुरुस्तीचे. खरे कारण खुर्चीवर टेकल्यावर बाहेर येते. "पोरगा बाहेर चाललाय, भाऊ." बाहेर म्हणजे दुबई, कतार, कुवेत. कशासाठी? तर संसार सुधारावा म्हणून.

कोणाच्या पोराच्या पायात आम्हाला खोडा घालायचा नाही. पण ज्या संसारासाठी हा सारा खटाटोप, तो संसार तिकडे कुठे असणार आहे, एवढे विचारण्याचा हक्क जामीन राहणाऱ्याला तरी असावा!

बांधवांनो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. कोकणातून, घाटावरून आपले आजे-पणजे गिरणगावात आले तेव्हा एका खोलीत दहा-पंधरा जण राहत. एक पाळी कामावर जाई, दुसरी तिच्याच वळकटीवर अंग टाकी. जेवण खानावळीत. बायको-पोरे गावाला. महिन्याकाठी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन जाई आणि फॉर्मच्या कुपनावर खरडलेल्या दोन ओळी त्या बाईला वाचून दाखवी. अंगठा घेई आणि पुढच्या घरी जाई. नवरा-बायकोचा संसार तेवढा, त्या कुपनावर मावेल एवढा. पोस्टातल्या जुन्या बांधवांना हे आम्ही सांगायला नको.

त्यातून रेल्वे कामगाराला बाहेर काढले ते निव्वळ पगाराने नव्हे. बाहेर काढले क्वार्टरने, पासने, रेल्वेच्या दवाखान्याने, हक्काच्या रजेने, म्हातारपणच्या पेन्शनने. भुसावळ असो, सोलापूर असो की हुबळी, दीड खोलीचे का होईना, पण बायको-पोरे एका छपराखाली आली. गँगमनची मुलगी शाळेत गेली ती क्वार्टर शाळेजवळ होते म्हणून. हे कोणी दान दिलेले नाही. १९७४ च्या मे महिन्यातल्या वीस दिवसांच्या संपात सरकारने घाव घातला तो नेमका क्वार्टरवर. संपकऱ्यांच्या बायका-मुलांना भांड्याकुंड्यांसह रस्त्यावर काढले. कामगाराचा जीव कशात आहे, हे सरकारला पक्के ठाऊक होते!

आता पोराच्या हातातला कागद पाहा. एका ट्रॅकमन सभासदाने आणलेला कागद आम्ही वाचला. पद हेल्परचे, पगार बाराशे दिरहम, राहणे कंपनीच्या कॅम्पात. संयुक्त अरब अमिरातीच्या नियमाप्रमाणे बायको-मुलांना राहायला न्यायचे तर महिना किमान ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० आणि वर राहण्याची सोय. म्हणजे त्या देशाने कायद्यातच सांगून ठेवले आहे की तुझे हात पाठव, तुझे कुटुंब नको. ट्रॅकमन आम्हाला म्हणाला, "दोन वर्षांनी नेईल सुनेला." पोराचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. आम्ही तो आकडा पेन्सिलीने कागदाच्या कडेला लिहून दिला, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

कॅम्प म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. १२ जून २०२४ ला पहाटे कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या वस्तीच्या इमारतीला आग लागली. मृतांत चाळीसहून अधिक भारतीय कामगार होते. झोपेतच धुराने गुदमरले. त्यांच्यातला प्रत्येकजण संसारासाठीच गेला होता.

एजंटांबद्दल फार लिहीत नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर जीएसटी. आमच्या सभासदाकडे मागितले एक लाख साठ हजार, पावती नाही. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. दहावी न झालेल्या माणसाला आखातासह अठरा देशांत नोकरीला जायचे तर सरकारची मंजुरी लागते, करार तपासला जातो, दहा लाखांचा विमा सक्तीचा असतो. दहावी झालेल्याला यातले काहीच लागत नाही. तो शहाणा, त्याचे तो पाहील! आम्ही स्वतः मॅट्रिक. या शहाणपणाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. म्हणून पोर दहावी असले तरी ई-मायग्रेटवर नोंद केल्याशिवाय आणि विमा उतरवल्याशिवाय विमानात चढवू नका. व्हिजिट व्हिसावर तर मुळीच नको.

परिचारिकांचे, जर्मन भाषा शिकून जाणाऱ्या कुशल मुलांचे प्रकरण वेगळे आहे, हे मान्य. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. तिथे कामगार संघटना आहे, कुटुंब नेण्याची वाट आहे. जे पोर तसे जाईल त्याला आम्ही स्टेशनवर हार घालू.

पण पोरे जातात का? रेल्वेच्या २०१९ च्या लेव्हल-वन भरतीत १ लाख ३ हजार ७६९ जागा होत्या आणि अर्ज कोटीच्या वर. परीक्षा सुरू झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. तीन वर्षे पोरे पुस्तके उशाला घेऊन वयाची अट मोजत बसली. दरम्यान तीच कामे ठेकेदाराकडे गेली. स्टेशनची सफाई गेली, डब्यातल्या चादरी गेल्या. पोस्टात ग्रामीण डाक सेवक आयुष्यभर डाक वाटतो आणि खात्याचा नियमित नोकर मात्र होत नाही. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. अशा नोकरीची ओढ पोराला कशी राहणार?

आणि इथे आपणही सुटत नाही. ठेक्यावरचा पोरगा आपल्याच फलाटावर बारा तास राबतो. आपण त्याला सभासद करून घेतले का? आमच्या शाखेने नाही. आपल्या पेन्शनसाठी मोर्चा काढला तेव्हा तो कडेला उभा राहून पाहत होता. त्यांच्यातलेच दोघे आज शारजात आहेत. शाखेच्या येत्या सर्वसाधारण सभेत ठेकेदारीवरच्या कामगारांना सभासदत्व देण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध होईल, तो कोण करणार हेही माहीत आहे.

ट्रॅकमनचा जामिनाचा अर्ज अजून आमच्या टेबलावर आहे. नाही म्हटलेले नाही, सहीही केलेली नाही. रविवारी पोराला घेऊन या, म्हणून निरोप धाडला आहे. सोबत करार, एजंटाचा नोंदणी क्रमांक आणि होणाऱ्या सुनेचे वडीलही.