एक गज, दोन मापे

दिवाळीत गोड खावे, गोड बोलावे आणि भांडणाचे विषय चकलीच्या डब्यामागे लपवून ठेवावेत, असा आपला शिष्टाचार आहे. पण संपादकांनी माझ्यासारख्या भांडखोर माणसाकडे लेख मागितला, त्या अर्थी यंदा फराळात थोडा तिखट चिवडा त्यांना हवा असावा. तेव्हा वाचकहो, विषय सांगूनच टाकतो : कुराण ईश्वराचे की माणसाचे? आणि ते खरोखरच एकमेवाद्वितीय आहे काय?

मी मुलुंडला राहतो. आमच्या उपनगरांतून या प्रश्नावर तीन पक्ष आहेत आणि तिन्ही पक्ष सकाळच्या लोकलमध्ये भेटतात. पहिला पक्ष मिठाईवाल्यांचा. ते म्हणतात, "अहो, सगळे धर्मग्रंथ एकच सांगतात, वाद कशाला?" हे म्हणणाऱ्याने सहसा एकही ग्रंथ वाचलेला नसतो. दुसरा पक्ष म्हणतो, "त्यांचे पुस्तक माणसाने रचले, अपौरुषेय म्हणाल तर आपले वेद." तिसरा पक्ष श्रद्धावान मुसलमानांचा. त्यांचे म्हणणे असे की, या तोडीचे एक तरी प्रकरण रचून दाखवा, नाहीतर हा ग्रंथ ईश्वरी आहे हे कबूल करा.

तिन्ही पक्षांशी माझे भांडण आहे. पण भांडणापूर्वी समोरच्याचे म्हणणे नीट ऐकावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. तिला पूर्वपक्ष म्हणतात.

तर पूर्वपक्ष असा. कुराणाची प्रकरणे ११४. ती पैगंबरांना सुमारे २३ वर्षांच्या काळात, प्रसंगाप्रसंगाने उतरली, अशी श्रद्धा आहे. पैगंबर हे त्या ग्रंथाचे कर्ते नव्हेत, ते केवळ पोचवणारे, शब्द ईश्वराचे. परंपरा त्यांना निरक्षर मानते आणि तेच प्रमाण म्हणून पुढे करते. यासारखे रचून आणा, हे आव्हान तर खुद्द कुराणातच एकाहून अधिक ठिकाणी आहे. माझे एक कोकणी मुसलमान स्नेही अंधेरीला राहतात. ते मला एकदा म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे देव अवतार घेतो तो माणसाचा. आमच्याकडे देव खाली येत नाही, त्याचा शब्द येतो. म्हणून त्या शब्दाला कोणी हात लावला की आम्हाला लागते." हे मला कळते. ज्ञानेश्वरीत कोणी पदरच्या ओव्या घुसडू नयेत म्हणून नाथांनी शके १५०६ मध्ये केवढा खटाटोप केला! शब्दाचा सोवळेपणा मराठी माणसाला परका नाही.

पण "त्यांच्यात प्रश्न विचारायची सोयच नाही" असे जे आमचे दुसऱ्या पक्षाचे लोक छातीठोक सांगतात, ते साफ खोटे आहे. कुराण निर्माण झालेले की ईश्वराइतकेच अनादी, यावर बगदादमध्ये बाराशे वर्षांपूर्वी प्रचंड रण माजले होते. मुअ्तझिला नावाचा बुद्धिनिष्ठ पंथ म्हणे की, ईश्वराखेरीज दुसरे काही अनादी मानले तर एकेश्वरवादालाच बाध येतो. म्हणून कुराण निर्मित आहे. त्याच पंथातल्या नज्जाम नावाच्या पंडिताने तर असेही म्हटले की, कुराणासारखे रचणे माणसाला मुळात अशक्य नव्हते, ईश्वरानेच लोकांना त्यापासून परावृत्त केले. पुढे बाकिल्लानीसारख्या विद्वानांनी तो ग्रंथ शैलीनेच अद्वितीय कसा, यावर पोथ्या लिहिल्या. हा वाद मुसलमानांचा मुसलमानांशी होता. बाहेरचा कोणी कळ लावायला गेला नव्हता.

आता आपल्या घरात पाहा. मीमांसक म्हणतात वेद अपौरुषेय. त्यांना कर्ताच नाही, ईश्वरही नाही. नैयायिक म्हणतात, वाक्य आहे तर वक्ता हवा. वेद ईश्वराने रचले. चार्वाक, बौद्ध आणि जैन यांनी वेदांचे प्रामाण्यच नाकारले. म्हणजे बगदादचा वाद आणि आपला वाद सख्खे नसले तरी चुलतभाऊ खास. मग त्यांच्या ग्रंथाला एक गज आणि आपल्या ग्रंथाला दुसरा, हा कुठल्या बाजारातला न्याय? कापडवाला असे मोजू लागला तर आपण ग्राहक-पंचायतीकडे धावतो.

तिसऱ्या पक्षालाही माझा सवाल आहे. अजोड असणे आणि अपौरुषेय असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्ञानेश्वरीच्या तोडीचा ग्रंथ गेल्या सातशे वर्षांत मराठीत झाला नाही, हे मी कोणाशीही पैजेवर बोलेन. पण एवढ्यावरून ती माणसाच्या हातची नाही असे सिद्ध होत नाही. सौंदर्याला पंच कोण? अरबी न जाणणाऱ्या माझ्यासारख्याने त्या भाषेचा निवाडा काय करावा? आणि अलीकडे जे ग्रंथातून गर्भशास्त्र नि खगोलशास्त्र काढून दाखवतात, ते पुष्पक विमानातून विमानविद्या काढणाऱ्या आमच्या बंधूंचेच सहप्रवासी होत. शोध लागेपर्यंत हे सारे गप्प असतात. शोध लागला की यांना पान सापडते!

पण उलट बाजूही तितकीच लंगडी आहे. पहिले खलीफा अबू बक्र यांच्या काळात झैद इब्न साबित यांनी वचने गोळा केली, तिसरे खलीफा उस्मान यांनी एक संहिता ठरवली, पठणाचे पाठभेद आजही मान्य आहेत. ही माहिती मुसलमानांची परंपराच सांगते. "पाहा, माणसांनी जमवले!" म्हणून टाळी पिटणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, ग्रंथ बांधणी करून आकाशातून पडला असे कोणी म्हटलेच नव्हते. माणसांनी जुळवले म्हणून मूळ शब्द ईश्वराचा नव्हे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सारांश, पुराव्याने श्रद्धा सिद्ध होत नाही आणि खोडलीही जात नाही.

या प्रश्नाला आपल्याच मातीतून किती उत्तरे मिळाली, ते पाहण्यासारखे आहे. विनोबांनी अरबी शिकून मूळ कुराणाचे वर्षानुवर्षे अध्ययन केले आणि १९६२ मध्ये निवडक वचनांचे 'कुराणसार' प्रसिद्ध केले. तेव्हा कराचीच्या 'डॉन' पत्राने टीका केली. परक्याने ईश्वरी ग्रंथातून निवड करावी, हे अनेकांना खुपणे स्वाभाविक होते. पण विनोबांनी भागवताचे, धम्मपदाचे, ख्रिस्ती ग्रंथांचेही तेच केले होते. त्यांचा गज एकच होता.

माथेरानला जन्मलेले, मुंबईचे थोर कायदेपंडित आसफ फैजी यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात श्रद्धा न सोडता असे मांडले की, संदेश ईश्वराचा, पण तो आपल्याला मिळाला पैगंबरांच्या वाणीतून. सांताक्रूझला राहणारे असगर अली इंजिनियर (१९३९–२०१३) यांनी कुराण ईश्वरी मानले. पण त्यावरून बेतलेले कायदे माणसांनी केलेले आहेत, तेव्हा ते बदलता येतात, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यासाठी त्यांनी बोहरा समाजातील धर्मगुरूंचा रोष पत्करला आणि अंगावर हल्लेही झेलले. आणि चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई, आपल्या मराठीचे कथाकार, हे तर सरळ म्हणाले की ग्रंथ मानवी आहे. त्यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले.

दलवाईंचे नाव काढले की आमचा दुसरा पक्ष खूश होतो. त्यांना मी विचारतो, हिंदू जातीयवाद्यांना दलवाई काय सुनावत, ते तुम्ही वाचले आहे काय? दुसऱ्याच्या घरातला बंडखोर सर्वांनाच आवडतो. आपल्या घरातल्या बंडखोराला पाणी विचारतो तो खरा उदार.

आता मुद्द्याची गोष्ट. बगदादच्या त्या वादात खलीफा मामूनने इ. स. ८३३ मध्ये काय केले? कुराण निर्मित आहे असे कबूल करा, म्हणून काझींची आणि पंडितांची चौकशी लावली. इमाम अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला. ते तुरुंगात गेले आणि मामूनच्या वारसाच्या राजवटीत त्यांना फटके बसले. वाचकहो, थोडे थांबून विचार करा. फटके मारणारा पक्ष बुद्धिवाद्यांचा होता! म्हणजे पाप श्रद्धेत नाही, बुद्धीतही नाही. ते हातातल्या चाबकात आहे. आज तो चाबूक कधी बहिष्काराचा असतो, कधी धमकीचा, तर कधी "या आडनावाला आमच्या इमारतीत जागा नाही" या सभ्य वाक्याचा. आमच्या उपनगरांत हे शेवटचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याची मला शिसारी येते. १९९२-९३ च्या दंगलीत जोगेश्वरीने जे भोगले, त्यानंतर तरी ते वाक्य आपल्या तोंडी येऊ नये.

म्हणून माझा पक्ष चौथा. माझा ग्रंथ ईश्वराचा आणि अद्वितीय, असे म्हणण्याचा प्रत्येकाला पूर्ण अधिकार आहे. तो मला पटत नाही असे म्हणण्याचाही तितकाच अधिकार आहे, आणि तो त्या घरात जन्मलेल्यालाही आहे. किंबहुना त्यालाच तो सर्वांत आधी मिळाला पाहिजे. यापलीकडे तिसरा अधिकार कोणालाच नाही.

हा पक्षही काही मी आज काढलेला नाही. जोतीराव फुल्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एक कुटुंब आहे. बाईने बौद्धांचा ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे. आणि चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात नांदावे. जोतीरावांनी सर्व ग्रंथ एकच सांगतात असे म्हटले नाही. वाचा, निवडा आणि एका छपराखाली राहा, एवढेच म्हटले. सव्वाशे वर्षे उलटून गेली. आपल्या सोसायटीच्या घटनेत त्या कुटुंबाला भाड्याने दोन खोल्या मिळतील काय, एवढे या दिवाळीत प्रत्येकाने आपल्या सेक्रेटरीला विचारून पाहावे.