संशोधन ही गुणवंतांची मिरास नव्हे

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे २०१० साली एका विद्यार्थिनीने सडलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूची घाण गोळा करून प्रयोगशाळेत नेली. तीतून जीवाणूंचा नाश करणारा एक विषाणू हाती लागला. त्याला ‘मडी’ असे नाव मिळाले. पुढे २०१८ साली लंडनच्या रुग्णालयात, फुप्फुसे बदलल्यानंतर कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या संसर्गाने मरणाच्या दारी पोहोचलेल्या १५ वर्षांच्या मुलीला जे तीन विषाणू टोचण्यात आले, त्यांत हा मडी होता. मुलगी सावरली.

वांगे कोणाच्याही परसात सडते. ते उलटून पाहण्याची मुभा कोणाला मिळते, हा खरा वादाचा मुद्दा आहे. आणि अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांच्या विज्ञानवर्गांत आज तोच उभा आहे.

अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली या दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांचा जोरदार पुरस्कार केला. येथे प्रवेशाला चाळणी नाही, शुल्कही विद्यापीठांच्या मानाने थोडे. दिवसा दुकानात, रात्री वर्गात आणि घरी लहान मूल, अशी माणसे येथे शिकतात. विज्ञान म्हणून त्यांच्या पदरी पडतात ते उत्तर आधीच ठरलेले प्रयोग. तेथील अध्यापकच याला पाककृतीच्या पुस्तकाची उपमा देतात. महाराष्ट्रातील वाचकाला ‘जर्नल पुरे करणे’ एवढे म्हटले तरी उमगेल.

आधी पाया पक्का होऊ द्या, संशोधनाचे मग पाहू, असा उपदेश या विद्यार्थ्यांना केला जातो. वरकरणी तो शहाणपणाचा वाटतो. परंतु कष्टकऱ्याच्या मुलाच्या बाबतीत हे ‘आधी’ कधी संपत नाही आणि ते ‘मग’ कधी उजाडत नाही. सुखवस्तू घरातील मुलाला मात्र शाळेत असतानाच एखाद्या ओळखीच्या प्रयोगशाळेचे दार उघडते. त्याच्या पायाची चौकशी कोणी करीत नाही!

दुसरा वर्ग उदार आश्रयदात्यांचा. ते निवडक मुलांना उन्हाळ्यात काही आठवडे मोठ्या विद्यापीठात पाठवितात आणि छायाचित्रे छापतात. पगारावर घर चालविणारी विद्यार्थिनी नोकरी सोडून तेथे कशी जाणार? म्हणूनच संशोधन यावयाचे तर ते नेमलेल्या तासात, श्रेयांकासह आणि वर्गातील प्रत्येकासाठी आले पाहिजे. हे स्वप्नरंजन नव्हे. हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेने २००८ पासून चालविलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मातीतून जीवाणूभक्षक विषाणू शोधतात, आणि त्यांत कम्युनिटी कॉलेजेही आहेत. न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स कम्युनिटी कॉलेजातून २०११ च्या सुमारास निघालेल्या उपक्रमाने तर हाच विचार अशा अनेक महाविद्यालयांत पोहोचविला.

पण समर्थकांची वाणी एका ठिकाणी अडखळते. हे सारे करावयाचे कोणी? पूर्णवेळ अध्यापकाच्या माथ्यावर सत्रात पाच-पाच वर्ग, आणि बहुसंख्य अध्यापक तर अर्धवेळ, वर्गागणिक मोबदल्यावर राबणारे. प्रश्न खरा असला की प्रयोग फसतात, पुन्हा करावे लागतात, संध्याकाळी उशिरा कोणीतरी थांबावे लागते. त्या थांबण्याचा पगार नसेल तर ‘ज्ञाननिर्मिती’ हे वेठबिगारीचे गोंडस नाव ठरते. अनुदानाच्या ओंजळीने पाणी पिण्यात तरी काय सुरक्षितता? २०२५ च्या एप्रिलपासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने हजाराहून अधिक अनुदाने मध्येच रद्द केली. सर्वांत मोठा घाव विज्ञानशिक्षणाच्या प्रकल्पांवर बसला. खर्च महाविद्यालयाच्या नित्याच्या अंदाजपत्रकात नसला, तर एका सहीने प्रयोगशाळा पुन्हा जर्नलावर येते.

महाराष्ट्रातील पुरोगाम्यांनी याकडे दूरची गोष्ट म्हणून पाहण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग खुला आहे तो पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यांना. म्हणजे तीन वर्षे घोकंपट्टीत अव्वल ठरावे, तेव्हा कोठे प्रश्न विचारण्याचा परवाना! ही अट काढून पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकातच गावच्या विहिरीचा किंवा साखर कारखान्याच्या मळीने काळवंडलेल्या नदीचा खरा प्रश्न का ठेवला जात नाही, आणि त्यासाठी तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना कायम का केले जात नाही, याचा जाब विद्यापीठांच्या अधिसभांत निवडून गेलेल्या सदस्यांनी येत्या बैठकीतच विचारावयास हवा.