बहिणीची सही

शरीअतवर कुणी बोट ठेवले की आपण चवताळून उठतो. मोर्चे निघतात, निवेदने जातात. मग घरात वडिलांचा इंतकाल होतो, चाळिसावा उरकतो आणि भाऊ बहिणीला रिक्षात बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो. हक्कसोडपत्र तयारच असते, तिने फक्त सही करायची. त्या दिवशी शरीअत कुणालाच आठवत नाही.

सूरह निसामध्ये हिस्से आकड्यांत सांगितले आहेत. समजा 4 एकर, म्हणजे 160 गुंठे जमीन आहे. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. कर्ज वगैरे फेडल्यावर पत्नीला आठवा हिस्सा, 20 गुंठे. उरलेल्या 140 मधून मुलाला 70 आणि मुलींना प्रत्येकी 35. मुलीला निम्माच का, असे कुणी विचारले की आपण तावातावाने समजावतो, मुलावर घरखर्चाची जबाबदारी असते म्हणून. ठीक. पण तो निम्मा तरी कुठे देतो आपण?

सवय जुनी आहे. उहुदच्या लढाईत सअद बिन रबीअ शहीद झाले, तेव्हा त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली. मुलींना दोन तृतीयांश, आईला आठवा आणि उरेल ते भावाला, असा निवाडा झाला. आपल्याकडे 1847 मध्ये मुंबईच्या कोर्टात खोजा आणि मेमन मुलींनी वाटा मागितला, तर रूढी दाखवून त्यांना परत पाठवले गेले. असल्या रूढी मोडायला 1937 चा शरीअत कायदा आला, पण त्यातून शेतजमीन वगळली. ती कायद्याने वगळली, कुरआनने नव्हे.

‘लग्नात दिले की!’ लग्नात दिले ते वडिलांनी हयातीत दिले. विरासत त्यांच्या मृत्यूनंतर सुरू होते. ‘तिने खुशीने सोडले.’ खुशी पाहायची असेल तर आधी तिचे नाव सातबाऱ्यावर चढवा, एखाद्या हंगामाचे धान्य तिच्या घरी जाऊ द्या, मग विचारा. माहेर तुटेल या धास्तीने केलेल्या सहीला खुशी म्हणणे सोयीचे आहे, एवढेच. ईदला एक साडी दिली की हिशेब मिटला, असे समजणारे दीनदार भाऊ मी पाहिलेत, पहिल्या सफेत उभे राहणारे.

आणि मी काही वेगळा नाही. दादांच्या जमिनीवरचा माझ्या दोन फुफींचा हक्क असाच एका दुपारी सुटला. त्या शेतातला भात खाऊन मी शिकलो. एक फुफी गेली, तिची मुले भाड्याच्या खोलीत राहतात. दुसरी हयात आहे. त्यांचे गुंठे किती होतात ते काढायला मी तलाठ्याकडे जुन्या फेरफाराच्या नकला मागितल्यात. चाचा सध्या माझ्याशी बोलत नाहीत.