फोटोत सगळे, पत्रात एकटा

२ फेब्रुवारी २०२५ ची ती क्लिप तुम्ही पाहिली असेलच. नसेल, तर तुम्ही एकाही मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही असं मी समजतो. :) अहिल्यानगरला ६७ वी महाराष्ट्र केसरी. गादी विभागाची अंतिम कुस्ती, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी दिलं. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. निकाल काही बदलला नाही. मग त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ घातली. त्याच रात्री किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड पंचांशी हुज्जत घालून, शेवटची काही सेकंदं उरलेली असताना मॅट सोडून निघून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

यानंतर आपल्याकडे दोन पार्ट्या पडल्या, नेहमीप्रमाणे. एक पार्टी म्हणाली, पंच म्हणजे देव, पंचावर पाय उचलणाऱ्याला आयुष्यभर उभं करू नका. दुसरी म्हणाली, अन्याय झाल्यावर पैलवानाचं रक्त तापणारच, लाथ घातली तर काय बिघडलं? मला दोन्ही पार्ट्यांचा राग येतो, आणि राग येण्याचं कारण एकच आहे. दोघांनाही त्या मॅटवर फक्त दोनच माणसं दिसतात, एक पंच आणि एक पैलवान. बाकीचे सगळे गायब!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला दुसऱ्या पार्टीत ढकलायला नको. पंचाला लाथ घालणं चूकच. निर्णय शंभर टक्के चुकीचा असला तरी चूक. राक्षे काही पोरसवदा नव्हता, आधी दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल होता. शिक्षा व्हायलाच हवी होती, झाली, ठीक. माझं भांडण शिक्षेशी नाही. शिक्षा एकाला देऊन फाइल बंद करण्याच्या पद्धतीशी आहे.

कारण पुढे काय झालं ते बघा. संघाने चौकशी समिती नेमली. समितीच्या मते पंचांचा निर्णय चुकलेला होता. मग पंचांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केलं. हिशोब बरोबर, नाही का? मारणाऱ्याला तीन, मार खाणाऱ्याला तीन. न्यायाचा तराजू एकदम काटेकोर. पण ज्या कुस्तीच्या निकालावर राज्याचा किताब ठरणार, तिथे शंका आली तर काय करायचं हे पैलवानाला, त्याच्या कोचला आणि पंचांना आधीपासून एकसारखं माहीत आहे ना, हे बघणं कुणाचं काम होतं? राक्षे पंचांकडे चालत गेला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात उभी असलेली माणसं कुणाची होती, आणि त्याला मागे ओढायची जबाबदारी नेमकी कुणावर होती? या प्रश्नांना तीन वर्षं सोडा, तीन दिवसांचीही शिक्षा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या धंद्यात हे चांगलं ओळखीचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शन कोसळतं. सोमवारी मीटिंग. पहिला प्रश्न काय? 'शेवटचा चेक-इन कुणाचा?' सापडला एक ज्युनियर, की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. कोड रिव्ह्यू कुणी केला नाही, टेस्टिंगचे चार दिवस कापून एक कुणी केला, शुक्रवारी रिलीज करायचा आग्रह कुणाचा होता, हे विचारायच्या आत मीटिंगची वेळ संपते. चुकीचा कोड त्या पोराने लिहिला हे खरंच असतं. म्हणूनच ही युक्ती इतकी चालते. खरा गुन्हेगार हाताशी असला की बाकीच्यांना चौकशीची गरजच उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाबा, कुस्ती हा एकट्याचा खेळ. त्यात टीम आली कुठून?

टीम कशी नाही? महाराष्ट्र केसरीत पैलवान जिल्ह्याच्या नावाने उतरतो. सांघिक विजेतेपद असतं, त्याचा चषक असतो, आणि तो घेताना स्टेजवर पाय ठेवायला जागा नसते. पैलवान जिंकला की जिल्हा संघाचे पदाधिकारी, तालमीचे आश्रयदाते, आमदार, नगरसेवक, फ्लेक्सवरचे सगळे 'मार्गदर्शक' फोटोत. पैलवान चुकला की निलंबनाच्या पत्रावर नाव एकाचंच. फोटो काढताना टीम आणि पत्र लिहिताना व्यक्ती, अशी सोयीची व्याख्या आपण करून ठेवली आहे.

आणि त्या जिल्ह्याचं तरी काय? राक्षे मूळचा राजगुरुनगरकडचा, म्हणजे पुणे जिल्ह्यातला. खेळला नांदेडकडून. यात बेकायदेशीर काही नाही आणि त्याचा दोषही नाही, बरेच जण असंच करतात. पण मग सांगा, त्या रात्री त्याची 'टीम' नक्की कोणती? राहतो कुठे, घाम गाळतो कुठे, नाव लावतो कुणाचं? ज्या संघाशी नातं फक्त प्रवेशिकेपुरतं, तो संघ पैलवानाला शिस्त काय लावणार आणि त्याच्यासाठी भांडणार तरी काय? न्याय मागायला त्याच्याकडे एक कागद आणि एक खमका माणूस असता, तर कदाचित पाय उचलला गेला नसता. कदाचित म्हणतोय. पण आपण तो कागद आणि तो माणूस देऊनच बघितलेला नाही.

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुककडे, म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या त्या सगळ्या ऊसपट्ट्यात, जत्रेच्या आखाड्यात हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवतात. गावच्या आखाड्यात वजनकाटा नसतो, स्क्रीन नसते, नियमांचं पुस्तक तर नसतंच. जोड डोळ्यांनी लावतात. पंच गावचेच चार जुने पैलवान. तिथेही पाठ टेकली की नाही यावर आरडाओरडा होतो, टोप्या उडतात. पण पोरगं मैदानात उतरतं ते वस्तादाच्या पाया पडून, आणि सगळ्या गावाला माहीत असतं की हे पोरगं कोणत्या तालमीचं. त्याने पंचाला उलट उत्तर दिलं तर पंच त्याच्याशी वाद घालत बसत नाहीत. ते कडेला बघून हाक मारतात, 'वस्ताद, आत या!' वस्ताद आत येतो, पोराला बखोटीला धरून बाहेर नेतो, आणि तक्रार असेल तर तोच मांडतो. कारण पुढच्या वर्षी जोड मिळायची की नाही हा प्रश्न अख्ख्या तालमीचा असतो, त्या एका पोराचा नसतो.

गावाकडचं सगळं सोनं असं मी म्हणत नाहीये. तिथे ओळखीपाळखीने निकाल फिरतात, बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवर वर्षभर कुजबुज चालते. पण जबाबदार माणूस कोण हे तिथे मैदानात उतरायच्या आधी ठरलेलं असतं. राज्य पातळीवर आपण मॅट आणली, टीव्ही आणला, बक्षिसाला चारचाकी गाडी आणली, आणि वस्तादाला आत बोलावण्याची पद्धत तेवढी गावाच्या वेशीवर सोडून आलो.

जगात कुठे असं होतं का? होतं की. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या आंखेल मातोस या तायक्वांदो खेळाडूने पंचाच्या तोंडावर लाथ मारली. तायक्वांदो, म्हणजे कुस्तीइतकाच एकट्याचा खेळ. जागतिक संघटनेने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. त्याच्यावर आणि त्याच्या कोचवर. दोघांवर! कोचने लाथ मारली नव्हती. पण कोपरा त्याचा होता.

आणखी मोठं उदाहरण अमेरिकन फुटबॉलचं. ऑनसाइट जाऊन आलेल्यांना एनएफएल माहीत असेल, नसलेल्यांनी एवढंच समजा की हा शब्दशः अंगावर जाण्याचा खेळ आहे. २०१२ मध्ये उघड झालं की न्यू ऑर्लिन्स सेंट्स या टीममध्ये २००९ ते २०११ अशी तीन वर्षं प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करण्यासाठी पैशांचं बक्षीस देणारी योजना चालली होती. टक्कर मारणारे खेळाडू होते. आपल्या पद्धतीने गेलो असतो तर चार खेळाडूंवर बंदी आणि विषय संपला. तिथे लीगने काय केलं? मुख्य कोच शॉन पेटनला अख्खा सीझन घरी बसवलं. जनरल मॅनेजरला आठ सामने बाहेर ठेवलं. टीमला ५ लाख डॉलर दंड केला आणि नवे खेळाडू निवडायचे दुसऱ्या फेरीतले दोन हक्क काढून घेतले. चार खेळाडूंनाही निलंबित केलं होतं, पण अपिलात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या चौघांच्या शिक्षा रद्द झाल्या. अपील ऐकणारे होते पॉल टॅग्लियाबू, त्याच लीगचे माजी कमिशनर. त्यांनी खेळाडूंना निर्दोष म्हटलं नाही. चौघांपैकी तिघांचं वागणं चुकीचं होतं असं स्पष्ट सांगितलं, पण या सगळ्या प्रकरणात कोच आणि टीमचा दोष मोठा मानला. आपल्याकडे पिरॅमिड नेमका उलटा.

एनएफएल म्हणजे संतांची मांदियाळी नाही हेही सांगतो. २०१४ मध्ये रे राइस या खेळाडूने होणाऱ्या बायकोला मारहाण केली, तेव्हा याच लीगने आधी फक्त दोन सामन्यांची बंदी घातली होती. लिफ्टमधला व्हिडिओ सगळ्या जगाने बघितल्यावर बेमुदत केली. म्हणजे तेही लाज वाटल्यावरच हलतात. पण चूक झाली तर नियमाकडे बघायची सवय त्यांना आहे. जानेवारी २०१९ मध्ये याच सेंट्सच्या एका उपांत्य सामन्यात पंचांनी ढळढळीत फाउल दिला नाही आणि टीम सुपर बोलला मुकली. पुढच्याच सीझनला तसले निर्णय व्हिडिओवर तपासायचा नियम आला. तो नीट चालला नाही, वर्षभरात काढून टाकला. चालेल! प्रयोग करून फसणं मला समजतं. प्रयोगच न करता माणसं निलंबित करत राहणं समजत नाही.

कडक शिक्षेने सगळं सुधारतं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. मे २०२२ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत सतेंदर मलिक या मल्लाने पंचांना मारलं. भारतीय कुस्ती महासंघाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. आजन्म! यापेक्षा कडक काय असतं? तीन वर्षांच्या आत अहिल्यानगर घडलं. भीतीने शिस्त लागत असती तर आतापर्यंत लागली असती. मॅटवर सहा मिनिटं जीव काढून झुंजणारा माणूस त्या क्षणी कलमं आठवत नाही. कलमं आठवणारा माणूस त्याच्या शेजारी उभा करावा लागतो.

खरी गंमत तर पुढेच आहे. ज्यांनी पैलवानांना शिस्त शिकवायची त्यांची स्वतःची शिस्त काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात महाराष्ट्रात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. एक पुण्याजवळ फुलगावला, ती सिकंदर शेखने जिंकली, तीही राक्षेला हरवून. दुसरी धाराशिवला, ती राक्षेने जिंकली. दोन गट, दोन संघटना, दोन गदा. २०२५ मध्येही तेच, फेब्रुवारीत अहिल्यानगर आणि मार्चअखेर त्याच जिल्ह्यात कर्जत, तिथे वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी. १९६१ पासून चालत आलेला एक किताब, आणि तो एकाच जिल्ह्यात दोन महिन्यांत दोघांना! संघटनांनी एकमेकांचे निर्णय मानायचे नाहीत, वाद कोर्टापर्यंत न्यायचे, आणि पैलवानाने मात्र पंचाचा निर्णय हात जोडून मान्य करायचा. वा रे वा!

मग करायचं काय? फार काही अवघड नाही. राज्य पातळीच्या प्रत्येक गादीवर चॅलेंजचा नियम छापील स्वरूपात, मराठीत, स्पर्धेआधी प्रत्येक कोचची सही घेऊन. चॅलेंज कोचनेच करायचं, पैलवानाने पंचाशी बोलायचंच नाही. किताबाच्या निकालावर लेखी अपील आणि गदा देण्याच्या आधी त्याचा निकाल. पाहुण्यांची विमानं थांबतील तासभर, काही बिघडत नाही. पैलवानाने पंचावर हात उचलला तर त्याच्याबरोबर कोपऱ्यातल्या कोचलाही शिक्षा, आणि जिल्हा संघाचे सांघिक गुण कापायचे. आणि पंच चुकला तर त्याला नेमणाऱ्याचं नावही त्याच पत्रात.

यातलं शेवटचं कधी होणार नाही, मला माहीत आहे. कारण ते पत्र लिहिणाराच बहुतेक तो नेमणारा असतो.

म्हणून पुढच्या वेळी अशी क्लिप आली की 'पैलवान माजलेत' असं फॉरवर्ड करण्याआधी एक करा. व्हिडिओ थांबवा आणि फ्रेमच्या कडेला उभी असलेली माणसं बघा. जॅकेटवाले, बिल्लेवाले, हात बांधून उभे असलेले. ते कोण होते आणि त्यांचं काम काय होतं, एवढंच विचारा. बंदीच्या पत्रात त्यांची नावं येत नाहीत, तोवर त्या पत्राला शिस्त म्हणायला मी तरी तयार नाही.