जुनं बेंडिंग मशीन : स्वस्तात मिळालं, पण परवडलं का?

जांब समर्थ (ता. घनसावंगी) : ऊस गाळपाचा हंगाम आला की आपल्या भागातल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढं ट्रॉल्या उभ्या राहतात. कुणाचा फाळका फाटलेला, कुणाच्या तळाचा पत्रा सडलेला. वेल्डिंग गावात होतं. पण पत्र्याला सरळ बेंड मारायचा म्हटलं की तो टेम्पोत टाकून जालन्याला न्यावा लागतो. भाडं जातं आणि नंबर लागेपर्यंत दिवस मोडतो. म्हणून आता आपल्याकडची आयटीआय झालेली पोरं जुनं बेंडिंग मशीन शोधायला लागलीत. मोबाईलवर फोटो येतो, दलाल म्हणतो "चालू कंडिशन", आणि इसार दिला जातो.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं असंच एक मशीन आणलं. हायड्रॉलिक, ४० टनी, अडीच मीटर लांबीचं. किंमत २ लाख १० हजार. आईचं सोनं बँकेत ठेवून पैसे उभे केले. क्रेन आणि गाडीभाडं १८ हजार. गावात आल्यावर सिलिंडरचं सील, तेल आणि मोटारीचं वाइंडिंग मिळून ४२ हजार. पॅनल आणि वायरिंग १५ हजार. बेरीज २ लाख ८५ हजार. वर तीन महिने मशीन ताडपत्रीखाली झाकून ठेवावं लागलं, त्याचं व्याज वेगळंच. हा हिशेब इथं मांडतोय, कारण पुढचा गडी इसार देण्याआधी एकदा तरी वाचेल.

भाव आधी वजनावर

आपला जिल्हा सळयांचा. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याचं बिलेट होतं आणि बिलेटच्या सळया. म्हणून आपल्याकडं जुन्या मशीनला दोन गिऱ्हाइकं असतात, एक दुकानदार आणि दुसरी भट्टी. मशीन ३ टनाचं असेल आणि भंगाराचा भाव किलोला ३० रुपये धरला, तर ते बंद पडलेलं असलं तरी ९० हजाराचं आहे. हा झाला तळाचा भाव. त्याच्या वर जे मागतात, ते मशीन चालतं म्हणून मागतात. मग ते चालतं, हे विकणाऱ्यानं दाखवून द्यायला पाहिजे. वजन विचारा, त्या दिवसाचा भंगाराचा भाव विचारा, मग घासाघीस करा.

ही मशीनं येतात वाळूज, चिकलठाणा, भोसरी, राजकोट अशा ठिकाणांहून. कारखाना नवं घेतो तेव्हा जुनं बाहेर पडतं, किंवा धंदाच बसला तर सगळंच विकायला निघतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं कुदळवाडी-चिखली भागातली भंगार गोदामं आणि पत्राशेड मोठ्या प्रमाणावर पाडली, त्यात छोटे वर्कशॉपवालेही उठले. असं घाईत निघालेलं मशीन दोन-तीन हात फिरून आपल्यापर्यंत येतं. मूळ मालक कोण, ते किती वर्षं चाललं, कर्जात अडकलेलं आहे का, हे कुणी सांगत नाही. म्हणून पक्कं बिल आणि मशीनवरच्या पाटीचा फोटो या दोन गोष्टी सोडू नका. बँकेच्या लिलावात "जिथं आहे, जसं आहे" या अटीवर माल मिळतो. नंतर तक्रार चालत नाही.

टनाचं साधं गणित

पुतण्याला सांगितलं होतं की ३ एमएम पत्रा सहज वाकेल. वाकतो, पण किती लांबीचा? साध्या लोखंडी पत्र्यासाठी ठोकताळा असा, की डायची खाच पत्र्याच्या जाडीच्या आठपट धरली, तर एक मीटर बेंडला जाडीच्या आठपट टन जोर लागतो. म्हणजे ३ एमएमला मीटरमागं २४ टन. अडीच मीटरला ६० टन. मशीन होतं ४० टनी! त्याच्यावर ३ एमएमचा बेंड फार तर दीड मीटरचा निघतो. २ एमएम मात्र पुरा अडीच मीटर वाकतो, तोही मशीन शेवटच्या जोरावर असताना. ट्रॉलीसाठी घेतलेलं मशीन ट्रॉलीच्याच कामाचं नाही निघालं. हे गणित कागदावर करायला पाच मिनिटं लागतात. ती आम्ही दिली नाहीत.

वीज कोणती?

या मशीनला थ्री फेज मोटार असते. आपल्याकडं बऱ्याच गावांत घरगुती लाईन सिंगल फेज, आणि शेतीची थ्री फेज ठरलेल्या पाळीत, आठ-दहा तास. मग सोपा रस्ता दिसतो, विहिरीच्या पंपावरून वायर ओढायची. तो रस्ता महाग आहे. शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉप चालवणं हा अनधिकृत वापर ठरतो, आणि वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणं दुप्पट दरानं आकारणी होते. पुतण्याचे ते तीन महिने औद्योगिक जोडणीची वाट बघण्यात गेले. आधी महावितरणकडं अर्ज, डीपीवर लोड शिल्लक आहे का त्याची चौकशी, आणि मगच मशीन, असा क्रम ठेवा.

अनुदान नव्यालाच

आता खरा मुद्दा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, ग्रामीण भागात नव्या उद्योगाला सर्वसाधारण गटात २५ टक्के आणि महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटाला ३५ टक्के अनुदान धरलेलं आहे. स्वतःचे १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. पण फाईल चालते नव्या मशीनच्या कोटेशनवर.

पुतण्यानं तेवढ्याच क्षमतेच्या नव्या मशीनचं कोटेशन काढलं होतं, ४ लाख ४० हजार. २५ टक्के वजा केले तर ३ लाख ३० हजार. दुकानाचा हिशेब त्याची बायको बघते. तिच्या नावानं फाईल केली असती तर ३५ टक्के धरून २ लाख ८६ हजार. जुनं पडलं २ लाख ८५ हजाराला. एक हजाराच्या फरकासाठी सोनं गहाण ठेवलं, गॅरंटी घालवली.

मग सगळ्यांनी नवंच घ्यावं का? तसंही नाही. अनुदान हातात लगेच येत नाही, ते तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवतात. फाईलीला महिने लागतात आणि ट्रॉलीवाला तोवर थांबत नाही. ज्याला घराच्या गेटापुरतं काम आहे, त्याला चांगलं जुनं मशीन परवडतं. पीएम विश्वकर्मा योजनेत लोहाराला ५ टक्के व्याजानं पहिल्यांदा १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज आहे. तेवढ्यात हाताचं किंवा छोटं मशीन बसतं.

बघायला जाताना

आपला ३ एमएम पत्रा सोबत न्या आणि पूर्ण लांबीचा बेंड मारून घ्या. दोन्ही टोकांना आणि मधे गुण्या लावा. मधला कोन उघडा राहिला तर बेड झुकलाय किंवा मशीनला जोर कमी पडतोय. पंच वर नेऊन मोटार बंद करा आणि वीस मिनिटं चहा प्या. तो खाली सरकला तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. तेल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. नव्या रंगाला भुलू नका, सांध्याचा रंग खरवडा. रॉकेल लावून पुसा, वर खडूची पूड टाका, चीर असेल तर ओली रेघ उमटते.

फ्लायव्हीलचं जुनं मेकॅनिकल मशीन स्वस्त मिळतं. पण त्यात पायडल दाबलं की फेरा पुरा झाल्याशिवाय बहुतेक मशीनं थांबत नाहीत. हात आत राहिला तर बोटं जातात. दोन माणसांच्या दुकानात कारखाना निरीक्षक येत नाही, तेव्हा ही काळजी आपलीच.

मागणी काय करायची?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. शेतकऱ्याला बरं झालं. पण पत्रा आणि मशीन १८ टक्क्यांतच आहे, आणि नोंदणी नसलेला गावचा कारागीर तो कर परत मिळवू शकत नाही. परदेशातून जुनं मशीन आलं तर कस्टममध्ये चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र मागतात. तसंच प्रमाणपत्र असलेल्या जुन्या मशीनला आपल्या योजनांत जागा का नसावी? मशीन तपासलं जाईल, बिल पक्कं होईल, आणि दलालाच्या "चालू कंडिशन"वर कुणाचं सोनं जाणार नाही. जिल्हा उद्योग केंद्राच्या मेळाव्यात आणि आमदार-खासदार गावात येतील तेव्हा हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

पुतण्याचं मशीन आता चालतंय. गेट, कोठ्या, २ एमएमची कामं निघतात, हप्ता भरला जातो. ट्रॉलीचा लांब पत्रा मात्र अजून जालन्यालाच जातो.