लपवलेली गोळी

स्थळ चांगले आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, पत्रिकाही जुळते आहे. फक्त एक गोष्ट बोलायची नाही, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलेले असते. मुलीला लहानपणापासून फिट येतात, ही ती गोष्ट. सासरी गेलेली मुलगी गोळ्यांचे पाकीट साड्यांच्या घडीत दडवते. पाहुण्यांचा राबता, अपुरी झोप आणि कोणी पाहील या धास्तीने चुकलेली गोळी. ऐन सत्यनारायणाच्या पूजेत तिला झटका येतो. मग फसवणुकीचे आरोप होतात आणि दोन घरे दुरावतात. असे घर प्रत्येकाच्या ओळखीत सापडेल.

वास्तविक अपस्मार, म्हणजे मिरगी वा फेफरे, हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतील पेशींचे काम सूक्ष्म विद्युतसंदेशांवर चालते. त्यांत अकस्मात, अनिर्बंध उसळी आली की झटका येतो. कोणी कोसळून हातपाय झाडतो, तर कोणी काही क्षण शून्यात पाहत राहतो. जन्माच्या वेळी मेंदूला न मिळालेला प्राणवायू, डोक्याला मार, पक्षाघात, अस्वच्छ अन्नातून गेलेल्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेल्या गाठी ही काही कारणे. अनेकदा कारण सापडतही नाही. हे वेड नव्हे, बाधा नव्हे आणि संसर्ग तर नव्हेच. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. ज्या परंपरेने याचा रोग म्हणून अभ्यास केला, तिच्या वारसांनी आज मांत्रिकाचा उंबरठा झिजवावा, यासारखा दैवदुर्विलास नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा विकार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. अट एकच, औषधातील सातत्य. झटक्याला निमंत्रण देणाऱ्या कारणांत चुकलेली गोळी अग्रक्रमाने येते. जागरण, ताप आणि मद्य ही आणखी काही कारणे. काही महिने झटका आला नाही, म्हणजे रोग गेला असे नव्हे. ते औषधाचे यश असते. गोळी एकाएकी थांबवली, तर दीर्घकाळ न थांबणारा, जीवघेणा झटकाही येऊ शकतो. साधारणतः किमान दोन वर्षे झटक्याविना गेल्यावर औषध हळूहळू कमी करायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. उपवासाच्या दिवशी गोळी टाळणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टींत धर्मशास्त्राने औषध गणले आहे.

मात्र जी गोळी लपवावी लागते, ती नियमाने घेता येत नाही. प्रश्नाचे मूळ येथे आहे. मातृत्वाच्या संदर्भात तर ही लपवाछपवी अधिकच घातक ठरते. अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुले होतात. पण व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करू शकते; म्हणून गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला हवा. पतीलाही ठाऊक नसलेल्या आजाराचा सल्ला घ्यायचा कसा?

हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहातील अपात्रता ठरवली होती. 1999 मध्ये संसदेने ती काढून टाकली. कायद्याच्या पुस्तकातून गेलेला तो शब्द घरांच्या मनातून मात्र अजून गेलेला नाही. मुलीकडच्यांनी विवाह ठरण्यापूर्वी स्वच्छपणे सांगावे हे खरेच. पण सांगणाऱ्याला नकाराची शिक्षा मिळत राहिली, तर सांगणार कोण? मधुमेहाची गोळी चारचौघांत घेता येते, मग हीच का नको?

झटका आलेल्याच्या नाकाला कांदा वा चप्पल लावू नये, तोंडात चमचा घालू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर सारून डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर त्वरित रुग्णालय गाठावे. एवढे तर वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवे.

17 नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीची व्याख्याने व्हावीतच. पण खरे काम घरात आहे. साडीच्या घडीतले ते पाकीट देवघराशेजारच्या फडताळात, सर्वांच्या नजरेसमोर यायला हवे. आणि रात्री सासूनेच आठवण करायला हवी, ‘सूनबाई, गोळी घेतलीस ना?’